रजिस्टर कुठं ठेवायचं?

परवा आमच्या टीममध्ये आलेल्या एका नव्या पोराला मी आमचं रिमोट डेस्कटॉपचं सगळं सेटअप समजावून सांगत होतो. व्हाइटबोर्डवर चौकोन काढून झाले, बाण काढून झाले. पोरगा हुशार आहे. शेवटी त्यानं कोपऱ्यातल्या एका ढगाकडे बोट दाखवलं आणि म्हणाला, "सर, बाकी सगळी मशीन आपण सांभाळतो. सेशन होस्ट आपले, दोन ब्रोकर आपले. मग हा एवढुसा डेटाबेस तेवढा ॲझ्युरच्या ताब्यात का दिलाय? टाकू की आपल्याच एखाद्या सर्व्हरवर!" (मला सर म्हणू नकोस हे त्याला चार वेळा सांगून झालंय. असो.)

"हाय अव्हेलेबिलिटीसाठी," असं म्हणून मी मोकळा झालो. पण ते उत्तर म्हणजे "ताप का आला?" याला "अंग गरम झालं म्हणून" असं सांगण्यासारखं झालं. घरी येताना बाइकवर तेच डोक्यात. नीट उत्तर द्यायचं तर पंचवीस-तीस वर्षं मागं जावं लागतं. तेव्हा मंडळी, या वीकेंडला थोडा इतिहास! यात कुरघोड्या आहेत, तह आहेत, आणि शेवटी एक वेढा पण आहे. फक्त किल्ल्यांच्या जागी सर्व्हर.

आधी एक चित्र

ज्यांचा या विषयाशी रोजचा संबंध नाही त्यांच्यासाठी. एखाद्या मोठ्या देवस्थानाचं भक्तनिवास डोळ्यांसमोर आणा. दहा इमारती, प्रत्येकीत पन्नास खोल्या आणि फाटकाशी चौकशीची एक खिडकी. खिडकीत एक काका रजिस्टर घेऊन बसलेले. तुम्ही आलात की काका रजिस्टर बघतात, जिथं गर्दी कमी त्या इमारतीत खोली देतात. तुम्ही सामान टाकता, आंघोळ करून दर्शनाला जाता. तीन तास रांगेत उभं राहून डोकं फिरलेलं असतं. परत आल्यावर "काका, आमची खोली कुठली हो?" काका रजिस्टर बघून सांगतात. संपलं.

यातली इमारत म्हणजे सेशन होस्ट, म्हणजे ज्या सर्व्हरवर तुमचा विंडोज डेस्कटॉप प्रत्यक्षात चालतो तो. खोली म्हणजे तुमचं सेशन. दर्शनाला जाणं म्हणजे डिसकनेक्ट होणं. नेट गेलं, लॅपटॉप मिटला, लाइट गेले, तरी तुमचं सामान, म्हणजे उघडी एक्सेल आणि अर्धवट लिहिलेली मेल, तिकडं खोलीत तसंच पडून असतं. काका म्हणजे कनेक्शन ब्रोकर. आणि काकांचं रजिस्टर म्हणजे ब्रोकरचा डेटाबेस.

आता गंमत बघा. काका चक्कर येऊन पडले तर खोल्यांमध्ये घोरत पडलेल्यांना काहीच फरक पडत नाही. अडकतो तो बाहेर गेलेला माणूस. खोली आहे, सामान आहे, पण दहा इमारतींपैकी कुठली? काका पडले तर निदान दुसऱ्या काकांना बसवता येईल. रजिस्टरच हरवलं तर दुसरे काका तरी काय करणार? म्हणजे या सगळ्या पसाऱ्यातली सगळ्यात नाजूक वस्तू म्हणजे ते काही एमबीचं रजिस्टर. आणि रिमोट डेस्कटॉपचा इतिहास म्हणजे, माझ्या मते तरी, हे रजिस्टर कुठं ठेवायचं या एकाच प्रश्नाची दर काही वर्षांनी बदलत गेलेली उत्तरं.

एकच इमारत होती तेव्हा

एक यंत्र अनेकांनी वाटून वापरायची कल्पना काही नवी नाही. एमआयटीमध्ये फर्नांडो कोर्बाटो आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९६१ सालीच सीटीएसएस ही टाइम-शेअरिंग सिस्टीम चालवून दाखवली होती. १९८४ मध्ये त्याच एमआयटीत एक्स विंडो सिस्टीम जन्माला आली आणि प्रोग्रॅम एका मशीनवर, खिडकी दुसऱ्या मशीनवर हा प्रकार युनिक्सवाल्यांना रोजचा झाला. विंडोजची गोष्ट वेगळी होती. विंडोज एनटी कितीही मोठ्या सर्व्हरवर टाका, समोर बसून काम करणारा माणूस एका वेळी एकच, अशी तिची मूळ मांडणी.

ती मांडणी मोडली ती बाहेरच्या एका कंपनीनं. आयबीएममध्ये ओएस/२ वर काम केलेल्या एड आयाकोबुची यांनी १९८९ मध्ये सिट्रिक्स काढली. पहिलं प्रॉडक्ट ओएस/२ वर बेतलेलं. आणि नेमकं मायक्रोसॉफ्टनं ओएस/२ वरून अंग काढून घेतलं. झालं का कल्याण! मग सिट्रिक्सनं मायक्रोसॉफ्टकडून विंडोज एनटीच्या सोर्स कोडचं लायसन्स मिळवलं, त्यात अनेक जणांना एकाच वेळी बसवायची सोय घातली आणि १९९५ मध्ये एनटी ३.५१ वर आधारलेलं विनफ्रेम बाजारात आणलं. ते चाललं.

चाललं म्हटल्यावर मायक्रोसॉफ्टचं लक्ष जाणारच. फेब्रुवारी १९९७ मध्ये मायक्रोसॉफ्टनं सिट्रिक्सला कळवलं की हे काम आता आम्हीच करावं म्हणतोय. सिट्रिक्सचा शेअर धाडकन कोसळला. वाटाघाटी झाल्या आणि त्याच वर्षी मे महिन्यात तह झाला. मायक्रोसॉफ्टनं सिट्रिक्सचं मल्टिविन हे तंत्र साडेसात कोटी डॉलर आगाऊ आणि पुढं रॉयल्टीपोटी आणखी दहा कोटींपर्यंत, या बोलीवर घेतलं. त्यातून १९९८ मध्ये विंडोज एनटी ४.० ची टर्मिनल सर्व्हर एडिशन आली, आणि तिच्याबरोबर आपला नेहमीचा आरडीपी प्रोटोकॉल.

या प्रॉडक्टचं आतलं टोपणनाव होतं 'हायड्रा'. ग्रीक पुराणातला अनेक तोंडांचा साप. एक मुंडकं छाटलं तर नवी फुटतात. आपल्याकडचा रक्तबीज म्हणा ना. नाव झकास, पण प्रत्यक्षात हा रक्तबीज एका सर्व्हरवर राहायचा. तो सर्व्हर बंद पडला की सगळी मुंडकी एकदम खाली. एकच इमारत असल्यामुळे रजिस्टरची मात्र कुणाला गरजच नव्हती. कोण कुठं आहे? सगळे इथंच.

विंडोज २००० मध्ये टर्मिनल सर्व्हिसेस वेगळी एडिशन न राहता सर्व्हरचाच एक भाग झाल्या. वापर वाढला, इमारती वाढल्या आणि खरी कटकट सुरू झाली.

रजिस्टर आलं, पण एकच

चार सर्व्हर एका रांगेत उभे केले आणि समोर लोड बॅलन्सर लावला, तर नवीन माणूस कुठंही गेला तरी चालतं. पण नेट तुटून परत आलेल्याचं काय? बॅलन्सरनं त्याला दुसऱ्याच सर्व्हरवर पाठवलं तर तिथं त्याला कोरा डेस्कटॉप दिसणार. त्याचं अर्धवट काम तिसऱ्या सर्व्हरवर त्याची वाट बघत पडलेलं. युजर फोन करणार, "माझी फाइल गेली!" फाइल गेलेली नसते. तो चुकीच्या इमारतीत गेलेला असतो.

विंडोज सर्व्हर २००३ मध्ये याला उत्तर आलं, सेशन डिरेक्टरी. एक छोटी सर्व्हिस आणि तिच्या पोटात जेट प्रकारचा छोटा डेटाबेस. तुम्ही कुठल्याही सर्व्हरवर लॉगिन करा, तो आधी डिरेक्टरीला विचारणार, "या माणसाचं सेशन आहे का कुठं?" असलं तर तुमच्या क्लायंटला सांगणार, "तिकडं जा." इतकं साधं. हे मिळवायला टर्मिनल सर्व्हर मात्र महागड्या एंटरप्राइझ किंवा डेटासेंटर एडिशनचे लागायचे.

विंडोज सर्व्हर २००८ मध्ये तिचं नाव झालं सेशन ब्रोकर, आणि नुसती जुनी खोली सांगण्याबरोबर नवी खोली द्यायचं, म्हणजे लोड वाटायचं कामही तिच्याकडे आलं. २००९ च्या २००८ आर२ मध्ये टर्मिनल सर्व्हिसेसचं बारसं पुन्हा होऊन त्या रिमोट डेस्कटॉप सर्व्हिसेस झाल्या आणि ब्रोकरचा झाला कनेक्शन ब्रोकर. (मायक्रोसॉफ्टवाले नावं बदलण्यात आपल्या नगरपालिकांनाही हरवतील.)

पण काकांचं काय? काकांना पर्याय म्हणून फेलओव्हर क्लस्टर करता यायचा. म्हणजे एक काका खिडकीत, दुसरे मागच्या खोलीत बसून पहिल्यांची तब्येत बघत. पहिले पडले की दुसरे येणार. तोपर्यंत खिडकी बंद, आणि एरवी दुसऱ्यांना काही काम नाही. पगार मात्र दोघांना.

दोन काका, एक वही

२०१२ च्या सप्टेंबरमध्ये विंडोज सर्व्हर २०१२ आलं आणि चित्र बदललं. आता दोन किंवा जास्त ब्रोकर एकाच वेळी काम करू शकत होते. दोन खिडक्या, दोन्ही उघड्या, कुठल्याही रांगेत उभे राहा. डीएनएसमध्ये एकाच नावाला दोन्ही ब्रोकरचे आयपी दिले की झालं. त्यासाठी अट एकच. प्रत्येक ब्रोकरनं आपापली वही ठेवायची नाही. एकच रजिस्टर, मधे टेबलावर, आणि ते एसक्यूएल सर्व्हरमध्ये हवं.

तांत्रिकदृष्ट्या हा निर्णय एकदम बरोबर. ब्रोकरच्या डोक्यात काही ठेवायचं नाही, सगळं डेटाबेसात. मग ब्रोकर कितीही जन्मा आणि मरा. पण यात एक पाचर आहे. नाजूक वस्तू नाहीशी झालीच नाही. ती ब्रोकरमधून उठून एसक्यूएल सर्व्हरमध्ये जाऊन बसली. म्हणजे आता एसक्यूएल सर्व्हर पडू नये याची सोय करा. त्यासाठी मिररिंग, नाहीतर क्लस्टर, नाहीतर त्याच वर्षी आलेले ऑलवेज ऑन ग्रुप, जे सुरुवातीला फक्त एंटरप्राइझ एडिशनमध्ये मिळायचे. क्लस्टर म्हटला की दोन सर्व्हर, त्यांचं भांडण सोडवायला तिसरा साक्षीदार, त्यांचे पॅचेस, त्यांची लायसन्स, आणि हे सगळं कळणारा एक डीबीए. कशासाठी? तर 'कोण कुठल्या खोलीत' एवढ्या काही एमबीच्या नोंदीसाठी. लिंबाच्या सरबतासाठी साखर कारखाना!

मग लहान-मध्यम कंपन्या काय करायच्या? जे आपण सगळे करतो तेच. दोन ब्रोकर लावायचे, डेटाबेस मात्र आधीपासून असलेल्या एखाद्या एसक्यूएल सर्व्हरवर ढकलायचा, आणि आर्किटेक्चरच्या स्लाइडवर मोठ्या अक्षरात 'हाय अव्हेलेबिलिटी' लिहायचं. क्लायंट खूष, सेल्सवाले खूष.

३१ मार्च २०२०

मी हे इतक्या पोटतिडकीनं का लिहितोय ते सांगतो. मी नोकरीला लागून वर्षही झालं नव्हतं तेव्हाची गोष्ट. कंपनीचं नाव नको. २५ मार्चला देशभर लॉकडाउन लागला आणि तोवर पन्नास-साठ लोक वापरायचे त्या रिमोट डेस्कटॉप फार्मवर एका आठवड्यात सगळं ऑफिस येऊन बसलं. विंडोज सर्व्हर २०१२ आर२, बारा सेशन होस्ट, दोन ब्रोकर. डेटाबेस? वर सांगितलं तसाच. एका एसक्यूएल सर्व्हरवर, आणखी चार ॲप्लिकेशन्सच्या शेजारी पाटावर बसलेला.

३१ मार्चची संध्याकाळ. वर्षअखेर. अकाउंट्सवाले घराघरांतून कामाला जुंपलेले. सातच्या सुमारास फोन सुरू झाले, "लॉगिन होत नाहीये." गंमत म्हणजे निम्मे लोक आरामात काम करत होते. ज्यांचं नेट एकदाही तुटलं नव्हतं ते सगळे आत. ज्यांचं तुटलं ते बाहेर. आणि त्या आठवड्यात घरगुती ब्रॉडबँडची काय अवस्था होती ते तुम्हाला आठवत असेलच.

अकाउंट्समधल्या एक मॅडम बाहेर अडकलेल्यांत होत्या. सोसायटीचे लाइट दोन मिनिटं गेले, राउटर बंद पडला. त्यांचं दिवसभराचं काम एका एक्सेलमध्ये उघडं होतं, आणि दुपारनंतर त्यांनी सेव्ह केलं नव्हतं. ("अरे, इतकी लिंक लागली होती की लक्षातच नाही राहिलं.") आवाज रडवेला झालेला.

आमचे एक सीनिअर फोनवर म्हणाले, "सगळे सर्व्हर रीस्टार्ट मार, सुटेल प्रश्न." आयटीतला हा रामबाण उपाय, दहापैकी नऊ वेळा लागू पडतो. पण माझ्या पोटात गोळा आला. सेशन होस्ट रीस्टार्ट करणं म्हणजे इमारतच पाडणं. आत काम करणारे पण जाणार आणि मॅडमचं सामान पण. मी म्हटलं, "सर, फक्त पंधरा मिनिटं द्या." आणि एकेका सर्व्हरवर जाऊन 'क्वेरी युजर' ही कमांड मारत बसलो. म्हणजे काका बेशुद्ध, रजिस्टर बंद, आणि मी दहा इमारतींमध्ये दारं ठोठावत फिरतोय, "ताई इथं उतरल्यात का हो?" सातव्या सर्व्हरवर त्यांचं नाव सापडलं. स्टेट : डिसकनेक्टेड. सामान शाबूत.

पण घड्याळ चालू होतं. डिसकनेक्ट झालेलं सेशन तीन तासांनी आपोआप बंद करायची पॉलिसी आम्हीच लावलेली होती, मेमरी वाचावी म्हणून. म्हणजे दहाच्या आत डेटाबेस उठला नाही तर देवस्थान स्वतःच खोली रिकामी करणार.

एसक्यूएल सर्व्हरवर बघतो तर शेजारच्या एका ॲप्लिकेशनच्या लॉग फाइलनं फुगून सगळी डिस्क खाल्लेली. आमच्या चिमुकल्या डेटाबेसला एक ओळ लिहायला जागा नव्हती. ज्याला त्या सर्व्हरला हात लावायचा अधिकार होता तो गृहस्थ गावी अडकलेला, तिथं मोबाइलला रेंज नाही. तो सापडेपर्यंत नऊ वाजले. जागा मोकळी केली, डेटाबेस उठला, ब्रोकरांना शुद्ध आली. नऊ वाजून वीस मिनिटांनी मॅडमचा फोन, "अरे, माझा कर्सरसुद्धा तिथंच लुकलुकतोय!"

हुश्श!

त्या रात्री मला एक गोष्ट कायमची कळली. आमच्याकडे दोन ब्रोकर होते आणि दोघंही त्या अडीच तासांत ठणठणीत होते. दोन काका दोन खिडक्यांत बसून एकमेकांकडे बघत होते, कारण मधली वही बंद होती. आम्ही काकांना हायली अव्हेलेबल केलं होतं. वहीला नाही.

वही पुण्याच्या तिजोरीत

आता जरा मागं जाऊन दुसरा धागा पकडू. मायक्रोसॉफ्टनं ॲझ्युरची घोषणा केली ऑक्टोबर २००८ मध्ये, आणि एसक्यूएल ॲझ्युर ही डेटाबेस सेवा पैसे घेऊन सुरू झाली २०१० च्या सुरुवातीला. तिची मूळ रचना लक्षात ठेवण्यासारखी आहे. तुमच्या प्रत्येक डेटाबेसच्या तीन प्रती वेगवेगळ्या मशीनवर. एक मुख्य, दोन दुय्यम. तुमचं लिखाण बहुसंख्य प्रतींवर उतरलं की मगच 'झालं' असं उत्तर. मुख्य प्रत मेली तर दुय्यमपैकी एक पुढं येणार. पुढच्या काळात आतलं तंत्र बरंच बदललं, पण गिऱ्हाईकाला दिसणारी गोष्ट तीच राहिली. क्लस्टर, साक्षीदार, पॅचेस, बॅकअप हे सगळं पडद्याआड, आणि तुमच्या हातात फक्त एक पत्ता.

मग ब्रोकरचं रजिस्टर २०१२ मध्येच तिथं का नाही ठेवलं? कारण ओळखपत्र. ब्रोकर एसक्यूएल सर्व्हरशी बोलायचा तो डोमेनमधल्या स्वतःच्या मशीन अकाउंटनं, विंडोज ऑथेंटिकेशन वापरून. गावातल्या गावात तोंडओळखीवर चालणारा कारभार. क्लाउडमधला डेटाबेस तुमच्या डोमेनला ओळखतच नव्हता, त्याला युजरनेम आणि पासवर्ड हवा.

हा अडसर निघाला तो विंडोज सर्व्हर २०१६ मध्ये, म्हणजे ऑक्टोबर २०१६ मध्ये. ब्रोकरची हाय अव्हेलेबिलिटी लावायच्या विझार्डमध्ये आता दोन पर्याय आले : डेडिकेटेड डेटाबेस सर्व्हर आणि शेअर्ड डेटाबेस सर्व्हर. पहिला जुना, मशीन अकाउंटवाला. दुसऱ्यात कनेक्शन स्ट्रिंगमध्येच युजर आणि पासवर्ड द्यायचा, त्यामुळे ॲझ्युर एसक्यूएल डेटाबेस चालतो. बघायला गेलं तर विझार्डमधलं एक रेडिओ बटण वाढलं. पण त्या बटणामुळे एक अख्खा एसक्यूएल क्लस्टर चित्रातून पुसला गेला.

लावायला किती वेळ लागतो? पोर्टलवर डेटाबेस बनवा. त्याच्या फायरवॉलमध्ये तुमच्या ब्रोकरांना वाट द्या, कारण मुळात तो सगळ्यांना दार बंदच ठेवतो. ओडीबीसीची कनेक्शन स्ट्रिंग कॉपी करून घ्या. प्रत्येक ब्रोकरवर ओडीबीसी ड्रायव्हर टाका (हे हमखास विसरतं, आणि मग एरर काहीतरी भलतीच येते). ब्रोकरांसाठी डीएनएसमध्ये एक नाव ठरवा. मग पहिल्या ब्रोकरवर विझार्ड चालवा आणि दुसरा ब्रोकर जोडा. चहा दोनदा झाला तर तेवढ्यात होतं. डेटाबेसचा सगळ्यात लहान प्रकार महिन्याला ५ डॉलरच्या आसपास पडतो. मी त्याच्या वरचा घेतो, तरी एका माणसाच्या हॉटेलातल्या जेवणाइतकाही खर्च होत नाही काही ठिकाणी. आणि एवढ्यात ९९.९९ टक्के उपलब्धतेची हमी. म्हणजे वर्षाला जेमतेम ५२-५३ मिनिटांची सूट. आमच्या त्या एका संध्याकाळीच अडीच तास गेले होते.

आणखी एक योग. सप्टेंबर २०१५ मध्ये ॲझ्युरची भारतातली डेटासेंटर सुरू झाली, पुणे, चेन्नई आणि मुंबई इथं. पोर्टलवर 'सेंट्रल इंडिया' असं दिसतं ते म्हणजे आपलं पुणं. आमची नवी फार्म त्याच पुण्याच्या रीजनमध्ये आहे आणि रजिस्टरही तिथंच. हे मुद्दाम. ब्रोकर तुमच्या ऑफिसात आणि डेटाबेस ढगात असं केलंत तर ते चालतं, पण मग तुमची इंटरनेट लाइन ही नवी नाजूक वस्तू होऊन बसते. रजिस्टर तिजोरीत ठेवायचं आणि तिजोरीकडे जायचा पूल एकच, तोही पावसाळ्यात पाण्याखाली जाणारा... अर्थ काय मग?

तिजोरीवाल्याचं काय?

इथं माझा तो पोरगा नक्की विचारणार, "मग ॲझ्युरच पडलं तर?"

पडतं की. २९ जानेवारी २०१९ ला काय झालं बघा. एका बाहेरच्या कंपनीच्या डीएनएसमध्ये गडबड झाली. त्यामुळे ज्या गिऱ्हाइकांनी आपल्या डेटाबेसच्या एन्क्रिप्शनची किल्ली स्वतःकडे, की व्हॉल्टमध्ये ठेवली होती, त्यांतल्या काहींच्या किल्ल्यांपर्यंत ॲझ्युरला पोचता येईना. किल्ली काढून घेतली असेल तर डेटाबेस बंद करायचा अशी एक स्वयंचलित व्यवस्था होती. तिनं गैरसमजातून त्यातले काही डेटाबेस चक्क काढूनच टाकले. मायक्रोसॉफ्टनं ते काही मिनिटं आधीच्या प्रतीवरून परत उभे केले. म्हणजे तीन प्रती होत्या, सगळं होतं, आणि तरी चूक एका वेळी तिन्ही प्रतींवर पडू शकते. प्रती यंत्र बिघडण्यापासून वाचवतात. चुकीच्या हुकमापासून नाही.

सिट्रिक्सनं या प्रश्नावर उलटी वाट धरली ती मला फार आवडते. त्यांनीही पुढं आपला कारभार एका मध्यवर्ती एसक्यूएल डेटाबेसवर आणला होता आणि डेटाबेस गेला की नवीन कनेक्शन अडायची. मग २०१४ मध्ये ७.६ आवृत्तीत कनेक्शन लीझिंग आणि २०१६ च्या शेवटी ७.१२ मध्ये लोकल होस्ट कॅशे. म्हणजे मुख्य रजिस्टर मधेच, पण प्रत्येक काकांनी त्याची नक्कल स्वतःच्या खिशातल्या डायरीत ठेवायची. रजिस्टर बंद पडलं तर डायरीवर काम चालवायचं. थोडं शिळं असेल, पण दार तरी उघडेल.

मायक्रोसॉफ्ट मात्र आणखी पुढं गेली. ३० सप्टेंबर २०१९ ला विंडोज व्हर्च्युअल डेस्कटॉप सुरू झालं (२०२१ मध्ये अर्थातच नाव बदललं, ॲझ्युर व्हर्च्युअल डेस्कटॉप). त्यात रजिस्टर, काका, खिडकी, फाटक सगळं मायक्रोसॉफ्टचं. आपल्या फक्त इमारती. सोपं आहे यात वाद नाही. पण मग ३१ मार्चच्या रात्री तुम्हाला करण्यासारखं उरतं काय, तर स्टेटस पेज रिफ्रेश करणं.

तर एकूण प्रवास असा. आधी रजिस्टरच नव्हतं. मग एका सर्व्हिसच्या पोटात आलं, मग टेबलावर, मग क्लस्टरमध्ये, मग ढगात, आणि शेवटी नजरेआड. प्रत्येक टप्प्यावर ते आपल्यापासून एक पाऊल लांब गेलं, आणि प्रत्येक वेळी जास्त जपणाऱ्या माणसाच्या हातात गेलं. ते नाजूक होतं, आजही तेवढंच आहे. क्लाउड डेटाबेसनं काय सोपं केलं असेल तर जपण्याचं काम. ते आता अशा लोकांकडे आहे ज्यांचा धंदाच रात्रंदिवस डेटाबेस जपण्याचा आहे. शेजारच्या ॲप्लिकेशनची लॉग फाइल तिथं माझ्या रजिस्टरवर येऊन बसत नाही. मला हा सौदा मान्य आहे. पण हा सौदा आहे हे विसरायचं नाही.

म्हणून मी दोन गोष्टी अजूनही स्वतःकडे ठेवल्यात. एक, सेशन आपोआप बंद करायची ती पॉलिसी आता तीन तासांची नाही, बारा तासांची आहे. मेमरी स्वस्त आहे, कुणाचं दिवसभराचं काम नाही. आणि दुसरी, एक दहा ओळींची स्क्रिप्ट. दर पंधरा मिनिटांनी ती सगळ्या सेशन होस्टवर 'क्वेरी युजर' मारते आणि कोण कुठं आहे याची यादी एका साध्या टेक्स्ट फाइलमध्ये लिहून ठेवते. ओबडधोबड आहे. पण ॲझ्युर, डीएनएस, ब्रोकर सगळं एकदम झोपलं, तरी कुठल्या सर्व्हरला हात लावायचा नाही हे त्या रात्री मला दारं न ठोठावता कळेल.

सोमवारी त्या पोराला हे सगळं सांगणार आहे. आणि ती स्क्रिप्ट सांभाळायचं काम त्याच्याच गळ्यात घालणार आहे. मग म्हणू दे सर!